तळाला कोरा हात

आमच्या कारखान्यातून गेलेलं कुठलंही कपाट, पेटी नाहीतर टेबल आडवं करून बघा. तळाला एक हात दिसेल. रंगवलेला नाही, उलट, सगळीकडे रंग आणि मधोमध हाताच्या आकाराचं कोरं लाकूड. पाच बोटं आणि तळवा, मनगटापाशी संपलेला. माझी करंगळी वाकडी आहे, लहानपणी दारात सापडली होती. तेव्हा वाकडी करंगळी दिसली की ते काम माझं. सरळ असली की माझ्या धाकट्या जावेचं.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची ती मारून झाली आणि तोंडावर आपटूनही झालं. त्याचंच सांगायचं आहे.

आमचं काम म्हणजे नव्या लाकडाला म्हातारं करायचं. लोकांना नवी वस्तू जुनी दिसायला का हवी असते ते मला विचारू नका. मी स्वतः खरीखुरी जुनी झाले तर मला कुणी दिवाणखान्यात नेऊन मांडत नाही. पण हवी असते. सुतार कोरं कपाट आणून टाकतो, आम्ही आधी ते बडवतो. साखळीने, किल्ल्यांच्या जुडग्याने. कोपरे कानशीने घासतो. दाभणाने किडीची भोकं पाडतो, तीही ओळीने नाही, कीड काही कवायत शिकलेली नसते. मग खालचा रंग, तो वाळला की त्यावर सरस, गरम पाण्यात विरघळवलेला गोंद. सरस अर्धामुर्धा वाळला, बोटाला जेमतेम चिकटेल एवढा ओला राहिला, की वरचा रंग एका फटक्यात ओढायचा. परत ब्रश फिरवायचा नाही. फिरवला की चिखल. एकदा ओढून गप उभं राहायचं. खाली सरस आकसतो, वरचा रंग ताणला जातो आणि आपल्या डोळ्यांदेखत भेगा पडत जातात, आटलेल्या तळ्यात पडतात तशा. भेगांत तपकिरी मेण चोळायचं, वरून वॉर्निश मारायचं. सकाळी जन्मलेलं कपाट संध्याकाळी आजोबा.

तळालाही आम्ही रंग देतो. नाहीतर एखादं चौकस गिऱ्हाईक वाकून बघतं आणि खालचं पांढरं लाकूड त्याला दात काढून हसतं. पण तळाला तो हात सोडायचाच. ही रीत माझी. मी ह्या घरात आले तेव्हा सासरे नुसती कपाटं रंगवायचे. भेगांचं काम मी आणलं आणि माझा हात त्यात असा बसला की सासरेच एकदा माझं टेबल बघून म्हणाले, "हे कुठून आणलंस जुनं?" त्या दिवशी मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. म्हटलं, घरचा माणूस फसतो, तर उद्या कुणीही ह्याला खरं जुनं म्हणून विकेल. मग आम्ही कारागीर नाही राहिलो, लफंगे झालो. तेव्हापासून तळाला कोरा हात. त्या हातातलं लाकूड आपल्या चालीने पिवळं पडतं, आपल्या चालीने काळवंडतं. कपाटाचं बाकी सगळं वय आम्ही दिलेलं, हाताचं तेवढं खरं. मी अख्ख्या बाजारात छातीठोक सांगत आले, ह्या दारातून हाताशिवाय वस्तू बाहेर जाणार नाही. गेली तर ब्रश चुलीत घालीन.

आणखी एक रीत होती. आपल्या हाताभोवती आपण रेघ मारायला गेलं की हात हलतो आणि अंगठा सुजल्यासारखा दिसतो. म्हणून माझ्या हाताभोवती रेघ धाकटीने मारायची, तिच्या हाताभोवती मी. मी लाकडावर पंजा दाबून धरायचा, ती पेन्सिल घेऊन प्रत्येक बोटाच्या कडेकडेने जायची. करंगळीशी आली की मला गुदगुल्या व्हायच्या आणि तिला हसू यायचं.

"जाऊबाई, हलू नका, नाहीतर सहावं बोट फुटेल."

"तू मुद्दाम करतेस मेले."

मग त्या रेघेत कागद कापून चिकटवायचा, रंग द्यायचा, शेवटी कागद ओढून काढायचा. प्रत्येक वस्तूला हेच. हसणंसुद्धा तेच.

धाकटीचं सांगायला हवं. माझ्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा ब्रश झाडूसारखा धरायची. वर्ष सरलं नसेल, दीर कामासाठी परगावी गेला आणि तिकडचाच झाला. लोक म्हणाले, तिला माहेरी धाडून दे. मी म्हटलं, लोकांनी आपापल्या सुना सांभाळाव्यात. तिला मी माझ्या शेजारी स्टुलावर बसवली आणि शिकवली. माझे यजमान गेले तेव्हा तीच माझ्याजवळ बसून होती. माझ्या लेकाला अर्धा तिनेच वाढवला, तो अजून लाडात आला की "काकू, चहा" म्हणतो, "आई" म्हणत नाही. ते मला झोंबायचं, पण चालायचं.

कामात तिची एक खोड होती, ती काही केल्या गेली नाही. सरस लावताना सुरुवातीला ब्रश गच्च भरून घ्यायची आणि तेवढ्यावरच शेवटापर्यंत ओढत न्यायची. सरस जाड तिथे भेगा रुंद, पातळ तिथे बारीक. त्यामुळे तिच्या भेगा एका टोकाला काडीएवढ्या रुंद निघायच्या आणि निमुळत्या होत होत केसासारख्या संपायच्या. मी म्हणायचे, "झाली का पालीची शेपटी?" ती म्हणायची, "पाल घरात असली की बरं असतं, किडे खाते." म्हणून मोठी कामं मी करायचे; चौकटी, आरशांचे काठ, लहान पेट्या ही कामं तिची.

माल विकायचं काम लेकाकडे. तो टेम्पो चालवतो आणि वस्तू एका व्यापाऱ्याला नेऊन देतो. त्या व्यापाऱ्याला आम्ही घरात मखमल म्हणतो, कारण तो इतका मऊ बोलतो की तो निघून गेल्यावर कळतं, आपण कशाला हो म्हटलं. त्याच्या दुकानात मी कधी गेले नाही. मला वाटायचं, कारागिराने दुकानात जाऊन काय करायचं? माझा हात जातोय की.

एका सकाळी दातांचे डॉक्टर आले. हातगाडीवर ड्रॉवरचं कपाट बांधलेलं, मागून स्वतः चालत, एक हात कपाटावर, जसा काही रोगी नेताहेत. लेक टेम्पो घेऊन बाहेर गेलेला. धाकटी मागच्या बाजूला सरसाचं भांडं ढवळत होती.

"थोरल्या बाई तुम्हीच का? सुतारांनी पाठवलं. म्हणाले, जुन्या वस्तूला हात लावायचा तर त्यांनीच."

"सुताराला कधी नव्हे ती अक्कल आली म्हणायची. या. काय झालंय?"

"फरशी पुसताना पाणी साचलं. एका पायाचा रंग सुटायला लागलाय."

मी कपाटाकडे बघितलं आणि मला हसूच आलं. पोटचं पोर परक्या घरच्या कपड्यांत समोर यावं तसं झालं. खाली निळा, वर दुधाळ रंग. भेगा सगळीकडे सारख्या, कुठे घाई नाही. वरच्या डाव्या ड्रॉवरच्या कोपऱ्यावर किल्ल्यांचा खोल घाव. तो घाव घालताना जुडगं हातातून सुटून माझ्याच अंगठ्यावर पडलं होतं आणि नख काळं झालं होतं.

"जपून हं," डॉक्टर म्हणाले. "शंभर वर्षांच्या वरचं आहे. कुठल्याशा मोठ्या घराण्यातलं. बोटीने आलेलं."

"किती वर्षांचं?"

"शंभरच्या वर."

"अहो डॉक्टर," मी म्हटलं, "शंभर वर्षांपूर्वी माझ्या आईचासुद्धा पत्ता नव्हता. हे कपाट माझ्या हातचं आहे. बोटीने नाही, आमच्या टेम्पोने आलं असेल. तो घाव दिसतो? त्याच जुडग्याने माझं नख घालवलंय."

ते आधी हसले, मग गोरेमोरे झाले. माणूस सभ्य होता. "बाई, ज्यांनी दिलं त्यांनी मला नीट सांगितलं आहे. तुमचं काम असंच असेल, दिसायला. पण हे..."

"दिसायला नाही, हेच." मला चेव आला. मखमलने थापा मारल्या असणार, एवढंच मला तेव्हा वाटलं. म्हटलं, आता ह्याला दाखवतेच. "डॉक्टर, आमच्या घरची वस्तू खोटं बोलत नाही. तळाला माझा हात आहे. कोरा. हा असा, वाकड्या करंगळीचा." मी पंजा त्यांच्या नाकासमोर धरला. "नसला तर तुमचं कपाट फुकट दुरुस्त करीन आणि वर तुमच्या दवाखान्यात येऊन सगळे दात उपटून घेईन."

"आहेत किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पैज घेण्यापुरते आहेत. हातगाडीवाल्या, कर रे आडवं."

तेवढ्यात मागून धाकटी आली. हाताला सरस तसाच. इतकी भरभर आली की स्टूल पडलं.

"जाऊबाई, राहू द्या. पायाचं मी बघते. तुमचा गुडघा दुखतोय सकाळपासून."

"गुडघ्याने नाही बघायचं मला."

"अहो, पण आडवं केलं तर ड्रॉवर निसटतील..."

"मग धर तू ड्रॉवर."

तिने धरले. दुसरं काय करणार होती. हातगाडीवाल्याने आणि डॉक्टरांनी कपाट पाठीवर झोपवलं. मी पडदा उघडायला निघाल्यासारखी ऐटीत पुढे झाले, वाकले आणि बघितलं.

हात नव्हता.

तळ सगळा रंगलेला. निळ्यावर दुधाळ, भेगांसकट, या काठापासून त्या काठापर्यंत.

 हातगाडीवाला शिंकला. डॉक्टरांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. राग आला असता तर मी दोन हात केले असते. दयेचं काय करायचं असतं?

तेव्हा धाकटी बोलली. खालच्या आवाजात, डॉक्टरांना उद्देशून, जणू मी दुसऱ्या खोलीत आहे.

"मनावर घेऊ नका डॉक्टर. जाऊबाईंची नजर हल्ली कमी झाली आहे. आठवणीतही गल्लत होते. सगळीच कपाटं त्यांना आपली वाटतात."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मी ते मानलं. म्हटलं, असेल. वय झालंय. दुसऱ्या कुणाचं तरी काम असेल आणि मी म्हातारचळ लागल्यासारखी पैजा मारत सुटले. मी हात टेकायला म्हणून कपाटाच्या तळावर ठेवला आणि बोटांखाली एक भेग लागली. रुंद. बोट तिच्यावरून सरकत गेलं, भेग निमुळती होत गेली आणि केसासारखी संपली. शेजारी दुसरी. तशीच. एका टोकाला काडीएवढी, दुसऱ्या टोकाला नाहीशी. काठाकडच्या माझ्या भेगा सारख्या, आणि मधोमध, बरोबर पंजाएवढ्या जागेत, पालीच्या शेपट्या.

मी मान वर केली. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. ड्रॉवरच्या मुठीकडे बघत होती. तिच्या त्या मान खाली घालण्याने मला सगळं सांगितलं. माझी नजर कमी झाली म्हणणाऱ्या बाईला माझ्या नजरेला नजर देता येत नव्हती.

"चहाचं आधण ठेवलंय ना?" मी म्हटलं.

"जाऊबाई..."

"किटली आण. आणि एक फडकं."

ती हलली नाही. मीच उठून गेले, गुडघा कुरकुरला तरी, आणि किटली घेऊन आले. सरसाचं एक असतं, कितीही वाळला तरी गरम पाण्यापुढे विरघळतो. वरून वॉर्निश असेल तर पाणी आत जात नाही, पण त्या मधल्या जागेवर वॉर्निश नव्हतं. घाईचं काम. ह्याच कपाटाच्या पायाचा रंगही तसाच सुटला होता, टोकाशी वॉर्निश पोहोचलं नव्हतं म्हणून. मी फडकं भिजवून तळावर दाबून धरलं. वाफ आली. मग हळूहळू चोळायला लागले.

आधी दुधाळ रंग फुगला आणि साय निघावी तसा निघाला. मग निळा. मला वाटलं होतं निळा लाकडात मुरला असेल, पण तोही सुटून आला, कारण त्याच्याही खाली सरस होता. आणि त्या चिखलातून एक बोट वर आलं. मग दुसरं. मग अंगठा. शेवटी करंगळी, वाकडी. लाकूड बाकीच्या तळापेक्षा उजळ, पण पहिल्यासारखं पांढरं नाही, जरासं पिवळं पडलेलं.

मी त्यावर पंजा ठेवला. बसला. बरोबर बसला.

डॉक्टरांनी वाकून करंगळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटीची आणि घराण्याची गोष्ट सांगत होतो."

"खोटा दात तुम्ही लांबून ओळखत असाल," मी म्हटलं. त्यांची समजूत काढायची होती की माझी, देव जाणे. "पण चांगला बसवलेला असला तर कौतुकही करत असाल. तसं समजा."

"करतो," ते म्हणाले. "पण मी बसवताना रोग्याला सांगतो, हा खोटा आहे म्हणून."

"मीही सांगत होते." मी तळाकडे बोट दाखवलं. "तिथे."

 डॉक्टर कपाट दुरुस्तीला ठेवून गेले. दारातून परत वळून म्हणाले, "पाय नीट करा. तो हात मात्र आता तसाच राहू द्या. बाकीचं मी त्यांच्याशी बोलून घेतो," म्हणजे मखमलशी. मला पैजेची आठवण त्यांनी करून दिली नाही. मी जिंकले होते, म्हणे.

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि स्टूल उभं करून त्यावर बसले.

"किती?"

धाकटी पदराने हाताचा सरस पुसत होती, तो काही पदराने निघत नाही हे माहीत असूनही. "किती म्हणजे?"

"किती वस्तूंवरचा हात झाकलास?"

"मोजलं नाही."

"मोजायच्या पलीकडे गेलं म्हण की. केव्हापासून?"

"मखमलने सांगितल्यापासून. तो म्हणाला, हात असलेला माल पडून राहतो. गिऱ्हाईक आधी तळ बघतं. बंद करीन म्हणाला तुमच्याकडून घेणं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग काय मग? मी नाही म्हणणार म्हणून विचारायचंच नाही, असं कुठल्या शाळेत शिकवतात? मी तरी शाळेत फार गेले नाही, तू सांग."

तिचा तोल तेव्हा सुटला. इतक्या वर्षांत माझ्यापुढे तिने आवाज चढवला नव्हता. "तुम्ही साखळीने लाकडाला मारता. दाभणाने किडीची भोकं पाडता. टूथब्रशने माश्यांच्या घाणीचे ठिपके शिंपडता, तेसुद्धा खोटे. वरपासून खालपर्यंत सगळी लबाडी, आणि तळाला, वाकल्याशिवाय दिसणार नाही तिथे, एक हात सोडून म्हणता मी खरी! मी तेवढीच जागा झाकली जाऊबाई. बाकी सगळं तर तुम्हीच झाकलं होतं."

हे मला लागलं. अजून लागतं. पण लागलं म्हणजे पटलं असं नाही.

"तुझा हात?" मी विचारलं. "तुझ्या पेट्यांवरचा हात झाकलास?"

तिने पदर पुन्हा हाताला घासला.

"झाकलास की नाही?"

"नाही."

"का? तुझा हात सोन्याचा?"

"माझं काम कोण जुनं मानणार?" ती म्हणाली. "पालीची शेपटी. मखमल म्हणाला, धाकट्या बाईंच्या पेट्या नव्या म्हणूनच विकतो, त्यांचा हात राहू दे. थोरल्या बाईंचं तेवढं खरं जुनं वाटतं. फसवायला तुमचंच काम लागतं."

मी आयुष्यभर कुणी माझ्या कामाला असं म्हणावं म्हणून झटले. आणि ते कानावर आलं ते असं.

"निळ्याच्या खाली सरस का होता?" मी विचारलं. "कोऱ्या लाकडावर आधी सरस कुणी लावतं?"

"लाकडाला रंग लागू नये म्हणून." ती आता रडत होती. "हात खराब होऊ नये म्हणून. वाटायचं, कधीतरी पुसता येईल. सगळ्यांच्या खाली लावलाय. एकही हात मी खराब केला नाही जाऊबाई, शपथ."

तिला वाटलं असेल, हे ऐकून मी विरघळेन. मी काय सरस आहे?

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "नकळत झालं असतं तर मी एक थोबाडीत देऊन सोडलं असतं. तू तर प्रत्येक वेळी आधी सरस लावलास. प्रत्येक वेळी जाणून केलंस."

लेक आला तो ह्या सगळ्याच्या मध्यावर, शीळ घालत. आडवं कपाट, ओलं फडकं आणि तळावरचा हात बघितला आणि शीळ बंद. मी त्याला विचारलंसुद्धा नाही. त्याने कपाळाला हात लावला आणि तोंडातून पहिलं वाक्य काय निघावं?

"काकू, मी म्हटलं होतं ना, वॉर्निश मार म्हणून!"

झालं. काही लपवायला नको आणि काही सांगायला नको.

"कुठे झाकायचात?" मी विचारलं.

"टेम्पोच्या शेडमध्ये," तो म्हणाला. "आई, ऐक ना. तुझ्यासाठीच केलं. तू ताठ माणूस. तुला त्रास नको म्हणून."

"आणि मी बाजारात उभी राहून हाताच्या गोष्टी सांगायचे तेव्हा तुम्ही दोघं काय करायचात? हसायचात?"

"नाही गं."

"मखमल तर हसत असेल."

तो बोटात टेम्पोची किल्ली फिरवायला लागला. मखमल हसत होता, आणि माझ्या पोराच्या समोर हसत होता, आणि माझ्या पोराने अशीच किल्ली फिरवत ते ऐकून घेतलं होतं. माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

केसाने गळा कापतात म्हणतात. पण मला आठवत राहिली ती पेन्सिल. प्रत्येक कपाटाच्या वेळी ती माझ्याजवळ वाकायची, माझं मनगट धरायची, बोटाबोटाच्या कडेने पेन्सिल फिरवायची, करंगळीशी हसायची. "हलू नका जाऊबाई." रेघ नीट यावी म्हणून जीव लावायची. आणि तिला ठाऊक असायचं की आठवडाभरात टेम्पोच्या शेडमध्ये ती हाच हात बुजवणार आहे. मग एवढी नीट रेघ कशाला मारायची गं? फराटे मारायचेस. अंगठा सुजवायचास. मला काहीतरी कळलं असतं.

ब्रश चुलीत घालीन म्हटलं होतं मी. घातला नाही. बाजार आठवण करून देतो, सुतार तर रोज देतो. मी त्याला सांगते, ब्रशचा काय दोष? पण मखमलला माल बंद केला. तो आला होता एकदा, मऊ मऊ बोलत, मी सरसाचं गरम भांडं हातात घेऊनच दार उघडलं, तो उंबऱ्यावरूनच परत गेला. लेक दोन दिवस जेवायला बसला की भाताशी भांडायचा. "धंदा बसवलास," म्हणाला. मी म्हटलं, "बसला तर बसला. उभा कशावर होता ते बघितलं मी." आता तो माल दुसरीकडे नेतो, थोडा जातो, थोडा परत येतो.

धाकटीला मी घराबाहेर काढलं नाही. कुठे जाईल? आणि ती गेली असती तर लोकांना सोपं झालं असतं, एक वाईट, एक चांगली. ती स्टुलावर बसते, पेट्या करते. तिच्या हाताभोवतीची रेघ मी मारते, मुकाट्याने, नीट मारते. तेवढी माझी रीत मी मोडणार नाही. तिचा हात सरकतो, मी म्हणते, "हलू नको." त्यापलीकडे आमच्यात कामाचंच बोलणं होतं. रंग संपला, सरस आण, पाऊस येईलसं वाटतं, खिडकी लाव.

परवा कपाट तयार झालं, माझं. हिरव्यावर पांढरं. तळ वर करून ठेवला आणि मी पंजा टेकवला. सवयीने. धाकटी सवयीने उठली, कानामागची पेन्सिल काढली आणि येऊन शेजारी वाकली. माझं मनगट धरायला तिने हात पुढे केला.

"ठेव ती खाली," मी म्हटलं.

"जाऊबाई, तुमचा हात हलेल."

"हलू दे."

तिने पेन्सिल लाकडावर ठेवली. गेली नाही, तिथेच उभी राहिली. मी डाव्या हातात पेन्सिल घेतली. तशी ती कित्येक वर्षांत घेतली नव्हती. अंगठ्यापासून सुरू केलं. अंगठा सुजला. पहिल्या बोटाशी रेघ बाहेर पळाली, मधलं बोट निम्म्यावर तुटलं. करंगळीशी पोहोचले तर पेन्सिल वळेना. गुदगुल्या झाल्या नाहीत. आपल्याला आपल्याच हाताने होत नाहीत.

हात उचलून बघितलं. ती रेघ माझी वाटत नव्हती. कुणा परक्या बाईचा पंजा, आणि करंगळी चुकून सरळ आलेली. मी खोडलं नाही. त्याच रेघेत कागद कापला, चिकटवला आणि ब्रश उचलला.